खुशालीची वाट

सैनिकांच्या पत्रांचं पुस्तक हाती आलं की वाचक आधी लढाई शोधतो. या संग्रहात ती फार थोडी सापडेल. पायमोजे, लंगरातली डाळ, रजेचा अर्ज, हवालदार मेजरचा स्वभाव, रात्रीच्या पहाऱ्याची पाळी हे मात्र पानोपानी आहे. आणि पत्राच्या शेवटाकडे प्रश्नांची रांग. नळाला पाणी किती वाजता येतं, आईच्या गुडघ्यांचं काय, धाकटीला कॉलेजात प्रवेश मिळाला का, भाड्याचा वाद मिटला का, गणपती यंदा दीड दिवसाचा की पाच. संपादकांनी प्रस्तावना मागितली तेव्हा सोबत एक शंकाही पाठवली होती : वाचक कंटाळणार तर नाही? कंटाळेल, थोडासा. पण १९७१ चं युद्ध १३ दिवस चाललं आणि त्यात लढलेल्या जवानाची नोकरी पंधरा-वीस वर्षांची होती. उरलेले सगळे दिवस छावणीचे. ते समजून घ्यायचे तर त्या कंटाळ्यातून वाट काढावीच लागते.

दुसरी शंका माझी होती. ही पत्रं ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांतली; पण हा सैनिकांचा मुलूख कधीपासून झाला? सैन्य म्हटलं की आपल्याला सातारा, कोल्हापूर, सांगली आठवतात, कोकणातली गावं आठवतात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं. आमच्या पट्ट्याची ओळख म्हणजे सकाळची फास्ट लोकल, बँकेतली नोकरी, संगीत सभा आणि दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर उसळणारी तरुणाई. पण घाटावरची आणि कोकणातली माणसं गिरण्यांसाठी, रेल्वेसाठी, कारखान्यांसाठी इकडे सरकली तेव्हा त्यांच्यातल्या फौजी घरांचा पत्ताही इकडे आला. एक भाऊ डोंबिवलीत, एक पलटणीत, आई-वडील कधी गावी तर कधी इथे, अशी घरं थोडी नव्हती. निवृत्त होऊन पेन्शनीवर इथेच स्थिरावलेले सुभेदार आणि हवालदार जवळपास प्रत्येक मोठ्या सोसायटीत आहेत. अंबरनाथला १९५३ पासून आयुधनिर्माणी आहे. डोंबिवलीच्या घरडा सर्कलला कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचं स्मारक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये काश्मीरमधल्या गुरेझला धारातीर्थी पडलेले मेजर कौस्तुभ राणे ठाणे जिल्ह्यातल्याच मीरा रोडचे.

पण या मुलखाचं सैनिकी नातं सगळ्यात ठळक दिसतं ते उल्हासनगरात, आणि ते आपण रोज पाहूनही पाहत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर ब्रिटिश सरकारनं एक भलीमोठी लष्करी छावणी उभारली. जागा का निवडली हे नकाशा पाहिला की लगेच कळतं. कसाऱ्याचा घाट उतरून येणारी आणि कर्जतकडून बोरघाट उतरून येणारी, अशा दोन्ही रेल्वेवाटा कल्याणला मिळतात, आणि तिथून मुंबई बंदर तास-दीड तासावर. घाटावर देवळालीची छावणी, समुद्राकाठी गोदी, मध्ये कल्याण. बोटीतून उतरलेली पलटण पुढच्या हुकमापर्यंत इथे ठेवायची, घरी जायला निघालेली पलटण बोट मिळेपर्यंत इथे ठेवायची. नावच होतं कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं राहतील अशी ती सोय होती, २,१२६ बराकी होत्या. मध्ये लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या असं बहुतेक बराकींचं बांधकाम. जवळच नेवाळीला धावपट्टी झाली. तिच्यासाठी घेतलेल्या जमिनींचा वाद अजून शमलेला नाही. जून २०१७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांचं आंदोलन हिंसक झालं होतं. छावणीच्या आठवणी लिहिताना कुंपणाबाहेरच्यांची ही आठवणही जमेस धरायला हवी. सैनिक गेला, शेतकऱ्याची प्रतीक्षा संपली नाही.

ट्रान्झिट कॅम्पातली वाट पाहणं हा छावणीतल्या प्रतीक्षेचा सगळ्यात वाईट प्रकार. पलटणीत असताना माणसाला निदान पत्ता असतो. एका ठिकाणाहून निघालेला आणि दुसऱ्या ठिकाणी न पोचलेला शिपाई जुन्या युनिटच्या पटावरून उतरलेला असतो, नव्याच्या पटावर चढलेला नसतो. घरून आलेलं पत्र आधी जुन्या ठिकाणी जातं, तिथून मागोमाग निघतं आणि तो हलला की पुन्हा मागे राहतं. काम काही नाही, शिस्त मात्र पूर्ण. त्या बराकींमधून किती हजार माणसं अशी थांबून गेली असतील याचा विचार विठ्ठलवाडी स्टेशनात गाडी थांबली की माझ्या मनात येतो. त्यांत पंजाबी होते, मद्रासी होते, मराठे होते, इंग्लंड-स्कॉटलंडची पोरं होती. घरच्या बातमीसाठी त्यांचा जीव टांगणीला लागणं एकाच जातीचं होतं.

युद्ध संपलं, छावणी ओस पडली आणि दोन वर्षांत पुन्हा भरली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं याच बराकींमध्ये आणून ठेवलं. सुमारे एक लाख माणसं. मध्ये गोणपाट किंवा साड्या टांगून एकेका दालनात कित्येक कुटुंबं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाचं नामकरण झालं, उल्हास नदीवरून उल्हासनगर. म्हणजे ज्या भिंतींआड शिपाई घरच्या पत्राची वाट पाहत होता, त्याच भिंतींआड आता ज्यांचं घरच राहिलं नव्हतं ती माणसं कराची, हैदराबाद, शिकारपूर इथल्या मागे राहिलेल्यांच्या बातमीसाठी झुरत होती. आजही तिथे रिक्षावाल्याला ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असंच सांगावं लागतं आणि जुन्या पत्त्यांत बराकीचा नंबर आधी येतो, खोलीचा नंतर. पोस्टमन कधीच्या एका लष्करी कारकुनानं टाकलेल्या क्रमांकांवरून अजून पत्रं वाटतो आहे.

या संग्रहाला कल्याणची छावणी केवळ पार्श्वभूमी म्हणून लागते असं नाही. छावणी माणसाचं काय करते हे तिच्यावरून दिसतं. सैन्य माणसाला सगळं पुरवतं : अन्न, वस्त्र, चारपाई, औषध, दाढीचं सामान, देवपूजेसाठी पंडित. दिवसाचा प्रत्येक तासही तेच ठरवतं. पहाटे बिगुल, मग पीटी, दाढी-आंघोळ, चहा, परेड, हत्यारांची साफसफाई, लंगर, दुपारी फटीग म्हणजे गवत काढणे, चुना मारणे, दगड रचणे असली कामं, संध्याकाळी खेळ, मग गिनती, जेवण, दिवे बंद. रात्री ज्याची गार्ड असेल तो दोन तास उभा, चार तास आडवा. सीमेवरच्या चौकीत यात फरक पडतो; पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळे हत्यारबंद उभे राहतात, पाणी बर्फ वितळवून करावं लागतं, रोजचा दगड रोज रचावा लागतो. पण ठरलेपण तेच. या दिवसात एकच गोष्ट अशी आहे जिची वेळ सुभेदार मेजरलासुद्धा सांगता येत नाही, ती म्हणजे डाक. म्हणून ती येते तेव्हा ज्याचं नाव पुकारलं जातं आणि ज्याचं जात नाही, त्या दोघांच्या चेहऱ्यांतला फरक प्रत्येक जवानाच्या आठवणीत राहिलेला असतो.

जेवणाबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण ‘डाळ पातळ होती’ असं एखाद्या पत्रात आलं की वाचक ते ओलांडून पुढे जातो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या तळावर नौसैनिकांनी संप पुकारला तेव्हा निकृष्ट अन्न हे एक कारण अगदी अग्रभागी होतं. अन्न नाही तर काम नाही, एवढी साधी मागणी. दोन-तीन दिवसांत तो उठाव पसरत साम्राज्याच्या मुळाशी पोचला, आणि नंतर पकडलेल्या अनेक खलाशांना ठाण्याच्या वेशीवरच्या मुलुंडच्या छावणीत ठेवलं गेलं. शिपाई घरी लिहिताना जेवणाची तक्रार बहुधा विनोदात गुंडाळतो. आईला काळजी नको, आणि वरच्यांनी वाचलं तर अडचण नको.

वरचे वाचत असतच. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणी फ्रान्सला पोचल्या आणि १९१४ अखेर तिथे हिंदी डाकेसाठी वेगळं तपासणी कार्यालय सुरू झालं, कॅप्टन हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली. मार्च १९१५ च्या सुमारास तिथले हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. लिहिणाऱ्यांना तपासणी ठाऊक होती, म्हणून ते आडवळणानं लिहीत. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची खर्ची पडते आहे, अशा मजकुराचा अर्थ घरच्यांना बरोबर कळे : हिंदी शिपाई मारले गेले, आता गोऱ्यांची पाळी. मराठी वाचकाला ही युक्ती नवी वाटायला नको. पानिपतची बातमी पुण्याकडे आली ती सावकारी चिठ्ठीत मोती, मोहोरा, रुपये आणि खुर्दा यांच्या हिशेबानं. आणि त्याआधी काय झालं होतं? ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला, मराठी फौजेची दिल्लीची वाट तुटली, आणि लाखभर माणसांची ती छावणी अडीच महिने धान्याला जशी मोताद झाली तशीच बातमीलाही. जासूदजोड्या निघत, पोचतील याची खात्री नसे. इतिहासकार रसद तुटल्याचं लिहितात ते बरोबरच आहे. मला मात्र वाटतं, घरची खबर तुटल्यानं त्या छावणीतल्या माणसाचं मन किती खचलं असेल याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. तो मांडायला कागदच उरले नाहीत.

फ्रान्समधल्या त्या तपासणीच्या अहवालांमुळे हजारो सैनिकांची वाक्यं टिकली, हा नियतीचा विनोदच. त्यांत मराठी आवाज थोडे, कारण मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या. तिथल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी शेवटी मूठभर आट्यावर दिवस काढायचा, घोड्याचं मांस खायचं की नाही यावर धर्माची चर्चा, आणि शरणागतीनंतर वाळवंटातून कैद्यांची फरफट. या काळात सातारा-रत्नागिरीच्या घरांमध्ये काय बातमी होती? महिनोन्‌महिने काहीच नाही. तेव्हाचा मराठी शिपाई जे बोलला असेल त्यातलं फारसं काही आपल्या हाती नाही, म्हणून नंतरच्या पिढ्यांची साधी, विस्कळीत, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घातली पत्रंसुद्धा मला मोलाची वाटतात.

डाक ही शिध्याइतकीच युद्धसामग्री आहे हे सैन्यानं लवकर ओळखलं होतं. १८५६ मध्ये इराणच्या मोहिमेसोबत हिंदुस्थानातून पहिलं फील्ड पोस्ट ऑफिस गेलं. दुसऱ्या महायुद्धात विमानातली जागा अपुरी पडू लागली तेव्हा पत्रांचे फोटो काढून फक्त फिल्म पाठवायची आणि पलीकडे छापून वाटायची अशी सोय झाली. १,६०० पत्रं कागदावर पन्नास पौंड भरत, फिल्मवर साधारण पाच औंस. स्वतंत्र भारतात लष्करी टपालाचा वेगळा कोअर १ मार्च १९७२ रोजी झाला. त्याचं केंद्र आपल्या कामठीला आहे, आणि त्यातली बरीच माणसं टपाल खात्यातून स्वेच्छेनं गणवेश चढवून जातात. गल्लीतल्या पोस्टातला कारकून चार-सहा वर्षं बर्फात बसून शिक्के मारत असेल, हे आपल्या कल्पनेत येत नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, संस्कृतचे कवी आणि पंडित. त्यांनी देशाचे आठ विभाग पाडले आणि नववा आकडा सैन्यासाठी राखून ठेवला. त्या नवव्या विभागाला नकाशावर जागा नाही.

हाच तो पत्ता, जो आमच्याकडच्या घरांत कॅलेंडरच्या मागे किंवा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असे : नंबर, हुद्दा, नाव, युनिट, द्वारा ५६ एपीओ. पूर्वेकडे असेल तर ९९. पत्र दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या तळ-पोस्टात जातं, तिथे युनिटनुसार वेगळं होतं आणि पुढचा प्रवास सैन्य जाणे. यात गुप्तता आहे, तिची गरजही आहे. पण घरच्या माणसाच्या दृष्टीनं पाहा. मुलगा लेहला आहे, की राजस्थानात, की अखनूरला, पाकिटावरून काही कळत नाही. त्याच्या पत्रात ‘इकडे थंडी आहे’ असं आलं की आई हवामानाच्या बातमीतून ठिकाण शोधते. बापाला आवडो न आवडो, नकाशावर बोट ठेवायची सवय लागते. घरची बातमी मिळावी म्हणून सैनिक तळमळतो हे आपण गृहीत धरतो. उलट दिशेची तळमळ तेवढीच असते, फक्त तिला सुट्टी मिळत नाही.

आता त्या ठरीव वाक्याकडे येतो, ज्यानं या संग्रहातली बहुतेक पत्रं सुरू होतात आणि जे वाचून तरुण वाचक हसतील. इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे. जुन्या काळी हे वाक्य लिहिणारा हात बऱ्याचदा शिपायाचा नसेच. दालनात चारदोन जण लिहिते, त्यांच्याकडे बाकीच्यांची रांग. घरीसुद्धा पत्र वाचून दाखवणारा शेजारचा मुलगा, गुरुजी, नाहीतर पोस्टमन. नवरा-बायकोमधलं बोलणं दोन परक्या माणसांच्या तोंडून जाणार आणि वर तपासणाराही असणार, तर त्यात खुशालीपलीकडे काय मावणार? तो साचा लाजेतून आणि शहाणपणातून घडला. पुढे दोघंही शिकले, आपल्या हातानं लिहू लागले, तरी साचा राहिला, कारण त्याचा दुसरा उपयोग लक्षात आला होता. त्यात लपवता येतं. त्याला ताप होता, तो लिहीत नाही. तिच्या सासऱ्यांना दवाखान्यात हलवलं, ती लिहीत नाही. दोन्हीकडून खुशाली, दोन्हीकडून थोडं खोटं.

आणि म्हणूनच नळाचं पाणी. मोठ्या बातमीत घरचे खोटं बोलू शकतात हे शिपायाला ठाऊक असतं, कारण तोही बोलतो. छोट्या बातमीत खोटं बोलायचं कुणाला सुचत नाही. मांजरीला पिल्लं झाली, समोरच्या मैदानात पुन्हा टॉवरचं काम सुरू झालं, वडापावच्या गाडीवाल्यानं दर वाढवला, वहिनीनं परवा पुरणपोळी केली आणि ती फाटली, असं पत्रात सविस्तर आलं की त्याला कळतं, घर जागच्या जागी आहे. पुरणपोळीबद्दल लिहिण्याइतकं आईचं मन निवांत आहे. उलट पत्र एकाएकी आखडतं, नेहमीचे तपशील गळतात, तेव्हा तो काळजीत पडतो आणि बहुतेक वेळा त्याची शंका खरी ठरते. ज्यांना वाटतं की सैनिक क्षुल्लक चौकश्या करतो, त्यांनी ही पत्रं पुन्हा वाचावीत. तो बारीकसारीक पुराव्यांवरून तपास करतो आहे.

दिवाळीला ठाणे-डोंबिवलीतून सीमेवर फराळ जातो, शाळांमधली मुलं ‘प्रिय सैनिकदादा’ अशी शुभेच्छापत्रं करतात. चकल्यांचा चुरा झाला तरी खाल्ला जातो, कार्डं भिंतीवर लागतात, भावना खरी असते. पण शिक्षकांना एक सुचवावंसं वाटतं. शौर्य, त्याग, वंदन यांचा मजकूर फळ्यावर लिहून देण्यापेक्षा मुलांना त्यांच्या गल्लीत या आठवड्यात काय झालं ते लिहू द्या. अनोळखी जवानालाही ते जास्त रुचेल.

मनीऑर्डरीचा उल्लेख बऱ्याच पत्रांत येतो. त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळींची जागा असे. पैसे देऊन पोस्टमन तो तुकडा घरी ठेवून जाई. कित्येक घरांत महिन्याचं पत्र म्हणजे तेवढंच. पैसे खर्च झाले, तुकडे पत्र्याच्या डब्यात राहिले, आणि या संग्रहातला सगळ्यात आटोपशीर गद्याचा भाग तिथून आला आहे. तारेविषयी मी फार लिहीत नाही. दारात तारवाला दिसला की शेजारच्या बायका आधी जमत, उघडून नंतर पाहत. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. फौजी घरांत कुणी हळहळल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

विविधभारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली आणि तिच्यावरची ‘जयमाला’ फौजी भावांची. संध्याकाळी जेवणाच्या आसपास छावणीत रेडिओभोवती घोळका जमायचा. इकडे डोंबिवलीच्या एखाद्या चाळीतही तोच कार्यक्रम त्याच वेळी लागलेला असे. फर्माईश करणाऱ्यांत आपल्या मुलाचं नाव आलं तर गाणं कुणी ऐकत नसे. निवेदिकेनं त्याचं नाव घेतलं म्हणजे त्यानं पोस्टकार्ड टाकलं तेव्हा तो ठीक होता, एवढा निष्कर्ष पुरे. पोस्टकार्ड टाकून किती आठवडे झाले असतील, हा प्रश्न मनात आला तरी कुणी बोलून दाखवत नसे.

मग फोन आले. आधी एसटीडी बूथपुढच्या रांगा, मग मोबाइल, आणि जिथे मनोरे पोचत नाहीत तिथे उपग्रह फोन. २०१७ च्या दिवाळीत त्या फोनचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आला. रुपयांच्या हिशेबात ही बातमी लहान होती, बर्फातल्या चौकीत ती लहान नव्हती. नंतर सुरक्षेचे नवे प्रश्न उभे राहिले. जुलै २०२० मध्ये सैन्यानं फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाकायला सांगितली. हॉवेलसाहेबांच्या तपासणीची ही आजची आवृत्ती म्हणता येईल, फरक इतकाच की आता धोका शिपायाच्या तक्रारीचा नसून फोटोमागे दिसणाऱ्या डोंगराचा आहे.

पत्रं गेली, जिव्हाळा गेला, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. बाळंतपणाची बातमी एकविसाव्या दिवशी मिळालेल्या बापाला विचारा, तो फोनच्या बाजूनं बोलेल. व्हिडिओ कॉलवर पोरीचा पहिला दात दिसतो याची बरोबरी कुठलं आंतरदेशीय करणार? तक्रार दुसरीच आहे. फोनवर दोघंही समोरासमोर येतात आणि मग बोलायला काही सुचत नाही. जेवलास? हो. थंडी आहे? आहे. बरं. पत्र लिहिणाऱ्याला आठवडाभरातलं आठवून, निवडून लिहावं लागे. ती निवड म्हणजेच बातमी. शिवाय पत्र गार्डवरून आल्यावर पुन्हा वाचता येतं. संग्रहातल्या काही पत्रांच्या घड्या इतक्या झिजल्या आहेत की मधली अक्षरं गेली आहेत, आणि संपादकांनी तिथे अंदाजानं शब्द न भरता जागा मोकळी सोडली, हे चांगलं केलं.

रजेविषयीच्या विभागाला मी वाचकाला मुद्दाम थोडा वेळ द्यायला सांगेन. नियमित सेवेतल्या जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते, ती मिळणं पलटणीच्या कामावर अवलंबून. रजा मंजूर झाली की काळी ट्रंक, रेल्वेचं वॉरंट, आणि १९१२ पासून धावणारी, कल्याणला थांबणारी पंजाब मेल. इथपर्यंत सगळं पत्रांत मनाशी घोळवलेलं असतं. घरी पोचल्यावर मात्र पत्रं थांबतात, त्यामुळे रजेचे दिवस या पुस्तकात पोकळीसारखे आहेत. ते नंतरच्या पत्रांतून ओळखावे लागतात. परतल्यावरचं पहिलं पत्र नेहमी थोडं अवघडलेलं असतं. ज्या घराच्या बातम्यांवर तो वर्षभर जगला, ते घर त्याच्याशिवाय नीट चाललं होतं हे त्यानं पाहिलेलं असतं. मुलगा आईला विचारून खेळायला गेला, बापाला नाही. बायकोनं गॅसच्या नंबरापासून दाखल्यांपर्यंत सगळं एकटीनं उरकलेलं. तो पाहुण्यासारखा राहिला आणि सरावला तोवर निघायची वेळ झाली. यावर थेट लिहिणारे फार थोडे. बाकीच्यांच्या पत्रांत त्या महिन्यात प्रश्न कमी होतात, एवढंच. दीड-दोन महिन्यांनी ते पुन्हा सुरू होतात, आणि तिच्या उत्तरांत पुन्हा नळ येतो.

तिची उत्तरं मात्र संग्रहात फार कमी आहेत. घरी आलेली पत्रं डब्यात राहिली. छावणीत गेलेली पत्रं बदलीबरोबर, ट्रंकेतल्या जागेच्या टंचाईबरोबर, कधी बंकरातल्या ओलीत संपली. त्यामुळे हे अर्धंच संभाषण आहे. वाचकाला दुसरी बाजू प्रश्नांवरून रचावी लागेल.

एक विनंती संपादकांच्या वतीनं. कल्याण, डोंबिवली आणि ठाण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे, घरं रिकामी होताहेत, माळे उतरवले जाताहेत. ट्रंका भंगारात जातात आणि कागद रद्दीत. ज्यांच्या घरी अशी पत्रं असतील त्यांनी ती टाकण्याआधी एकदा कळवावं. मजकूर खासगी असेल तर तो देऊ नका, तुमचा अधिकार आहे. पण पाकिटं जपा. पत्रात ठिकाण लिहायला मनाई होती, मात्र पाकिटावरच्या शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते, आणि त्यावरून ती पलटण त्या दिवशी कुठे होती हे अभ्यासकाला बऱ्याचदा काढता येतं. पाकीट फेकून पत्र तेवढं ठेवण्याची आपली सवय इथे नुकसान करते. तिकिटांसाठी पाकिटाचा कोपरा कापू नका, शिक्का बहुधा तिथेच असतो.